बोलावणं सौम्य आहे का, हे कसं ओळखायचं? 'स्मृतिचित्रे' संशोधकाच्या नजरेनं



पेटची तयारी करणारे किंवा नुकतेच कोर्सवर्कला बसलेले बरेच जण एक तक्रार हमखास करतात. "पुस्तकाचा सारांश लिहिला तर गाईड म्हणतात, यात तुझं काय आहे? आणि मत लिहिलं तर म्हणतात, याला आधार काय? मग चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

याचं उत्तर व्याख्या सांगून मिळत नाही, म्हणून आज एक उदाहरण सोडवून दाखवते. विषय मुद्दाम जरा अवघड घेतला आहे. दुसऱ्या माणसाला ख्रिस्ती श्रद्धेचा शोध घ्यायला हळुवारपणे बोलावणं, हे मराठी पुस्तकांत कसं दिसतं? आणि ते 'हळुवार' आहे हे आपण कशावरून ठरवायचं?

आधी माझी बाजू सांगते. संशोधकानं आपण कुठे उभे आहोत हे वाचणाऱ्याला सांगावं, असं आपल्याला शिकवतात ना, म्हणून. मी ख्रिस्ती नाही. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं आणि आता पीएच.डी. विज्ञान शिक्षणात करते आहे. हा लेख कुणाच्या धर्माची वकिली करत नाही, कुणाच्या धर्मावर टीकाही करत नाही. पण विषय माझ्यापासून फार लांबचाही नाही. आमच्या विभागातली एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. कामाबद्दल, घराबद्दल, लग्नाबद्दल ती भरभरून बोलते. श्रद्धेचा विषय निघाला की गप्प होते. एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "मी नुसतं 'चर्चला चल' म्हटलं तरी लोकांना वाटतं, ही आता धर्म बदलायला लावणार." तिची भीती खरी आहे. आणि समोरच्याच्या मनातल्या संशयालाही इतिहास आहे, तोही खोटा नाही. मग बोलावणं आणि दडपण यांच्यातली रेषा कुठे काढायची? मला हा प्रश्न संशोधनाचा वाटतो.

पहिली पायरी : मोजपट्टी आधी ठरवा

बहुतेक विद्यार्थी पुस्तक वाचता वाचता मत बनवतात आणि मग त्याला पुरावे शोधतात. प्रयोगशाळेत आपण असं करत नाही. काय मोजायचं, कशानं मोजायचं, हे आधी ठरवतो. इथेही तसंच करू.

मोजपट्टी आपल्याकडे तयार आहे. मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाला एथिक्स कमिटीपुढे संमतीपत्र ठेवावं लागतं. त्या पत्रात शेवटी तीनच गोष्टी असतात. समोरच्याला पुरेशी माहिती दिली का? विचार करायला वेळ दिला का? आणि त्यानं 'नाही' म्हटलं तर त्याचं काही नुकसान होणार नाही ना?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मुख्याध्यापकांनी "मॅडमना मुलाखत द्या" असं शिक्षकाला सांगितलं, तर मी कितीही गोड बोलले तरी त्या शिक्षकाची संमती खरी मानता येत नाही. माझा आवाज सौम्य असेल, परिस्थिती सौम्य नाही. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे : बोलावण्याचा सौम्यपणा बोलावणाऱ्याच्या सुरात शोधू नका. ज्याला बोलावलं त्याला नकार किती महाग पडला असता, ते बघा.

आता ही पट्टी तीन पुस्तकांना लावू. दोन थोडक्यात, तिसरं सविस्तर.

'ख्रिस्तपुराण' : सूर गोड, पण सभोवताल?

थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथली भाषा शिकला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. त्यात मराठीची जी स्तुती आहे ती आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याहून महत्त्वाची आहे त्याची पद्धत. बायबलमधली कथा तो पुराणाच्या घाटात सांगतो, श्रोत्यांना प्रश्न विचारू देतो आणि मग उत्तर देतो. ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या छंदात, त्याच्या शंका गृहीत धरून बोलायचं. पहिल्या प्रश्नाला, म्हणजे माहितीला, या पुस्तकाला चांगले गुण द्यावे लागतील.

पण नुसतं पुस्तक वाचून थांबलात तर निष्कर्ष चुकेल. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि त्यानंतर सत्तेनं गावकऱ्यांचा सूड घेतला. पुराण छापलं गेलं ते या सगळ्यानंतर, त्याच मुलखात.

गंमत म्हणजे याचा पुरावा पुस्तकाच्या आतही आहे. सुरुवातीलाच एक श्रोता पाद्रींना म्हणतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हाला तसंच काहीतरी द्या. हे वाचताना पेन्सिल थांबली पाहिजे. मागणी श्रोत्याकडूनच आली आहे, हे खरं. पण ती कधी आली? आधीचं काढून घेतल्यावर. तिसऱ्या प्रश्नावर इथे मोठी अडचण येते.

याचा अर्थ स्टीफन्स दांभिक होता, असा नाही. त्याचं मराठीवरचं प्रेम त्या ओव्यांत दिसतं. अर्थ एवढाच की एका माणसाचा सूर आणि त्याच्या पाठीमागची सत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तुमच्या तक्त्यात त्यांचे दोन वेगळे रकाने करा.

'यमुनापर्यटन' : प्रश्न खरा, उत्तर मात्र आधीच ठरलेलं

बाबा पदमनजींची ही कादंबरी १८५७ ची. अनेक अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवांची स्थिती हा विषय, आणि तोही पुनर्विवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना. यमुना प्रवासात एकेका विधवेची कहाणी बघते, ऐकते. पुढे ती स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते.

इथे पाठीशी इन्क्विझिशन नाही. वाचकाला पुस्तक मिटून ठेवता येतं, त्यामुळे नकार स्वस्त आहे. अडचण पहिल्या प्रश्नाशी आहे. विधवांचं दुःख लेखक पोटतिडकीनं दाखवतो आणि ते खरंच आहे. पण त्या दुःखातून बाहेर पडण्याच्या वाटा मोजून दाखवताना तो एकाच दारापाशी उजेड ठेवतो. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये हा दोष सर्रास दिसतो. समस्या चार पानं, उपाय एकच, आणि दुसरे उपाय का नाहीत याबद्दल चकार शब्द नाही. समस्या खरी असली म्हणून तुमचा उपाय आपोआप सिद्ध होत नाही.

'स्मृतिचित्रे' : दोन बोलावणी

आता मुख्य पुस्तकाकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली. पती नारायण वामन टिळक, म्हणजे 'रेव्हरंड टिळक'. लोकमान्यांशी गल्लत करू नका. या कहाणीत ख्रिस्ती श्रद्धेचं बोलावणं दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा त्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

पहिलं बोलावणं टिळकांना, आगगाडीत. १८९३ च्या सुमाराला ते राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणं झालं, मग धर्मावर. त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत दिली आणि अभ्यास करून बघा म्हणून सांगितलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. नावगाव विचारायचं राहूनच गेलं. सुरुवातीची पानं टिळकांना फारशी रुचली नाहीत. शब्द दिला होता म्हणून वाचत राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे खिळले. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पट्टी लावू. माहिती? सगळं पुस्तकच हातात दिलं, निवडक उतारे नाहीत. वेळ? जवळजवळ दोन वर्षं, आणि मधल्या काळात तो गृहस्थ पाठपुरावा करायलाही आला नाही. नकार? पुस्तक खिडकीतून फेकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिन्ही प्रश्नांत पास. एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे ते भाकीत. 'वाचून तुमचं तुम्ही ठरवा' आणि 'वाचलंत की तुम्ही असं ठरवाल' या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्यात थोडा रेटा आहे. मुलाखतीत आपण "तुम्हालाही असंच वाटत असेल ना?" विचारतो तेव्हा तोच रेटा देत असतो.

इथे थांबलो असतो तर एक छान, गुळगुळीत गोष्ट तयार झाली असती. 'स्मृतिचित्रे' तिथे थांबू देत नाही, आणि म्हणूनच ते मोठं पुस्तक आहे. आगगाडीतल्या सौम्य बोलावण्याची किंमत कुणी मोजली? त्या डब्यात ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी स्वतः विचार केला, स्वतः ठरवलं. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र निर्णयाची नुसती बातमी आली. पदरात लहान मुलगा, नातेवाइकांच्या घरी राहणं, आणि नवरा जिवंत असूनही तुटलेला संसार. त्या दिवसांबद्दल त्या लिहितात तेव्हा आक्रोश वाढवून सांगत नाहीत आणि कमीही करत नाहीत. उलट मध्येच हसवतात, आणि त्या हसण्यामुळेच ते जास्त लागतं.

म्हणून पट्टीत एक चौथा प्रश्न घालावा लागतो : ज्याला बोलावलं त्याच्याशी बांधलेल्या माणसांचं काय? हा प्रश्न मी घरून घेऊन आले नव्हते, तो मला पुस्तकानं दिला. चिकित्सेत हे व्हायलाच हवं. मोजपट्टी पुस्तकाला लावायची, आणि पुस्तकानं ती अपुरी ठरवली तर ती सुधारायची.

दुसरं बोलावणं लक्ष्मीबाईंना. किंवा खरं तर ते बोलावणं म्हणावं का, असा प्रश्न पडावा इतकं ते शांत आहे. काही काळानं त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. हे समजायला पुस्तकाचा आधीचा भाग आठवावा लागतो. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरातल्या माणसांची तारांबळ उडायची. त्या घरात वाढलेली ही बाई. टिळक ख्रिस्ती, त्या हिंदू, आणि संसार एक. अशी वर्षं गेली.

मग वळण कुठून आलं? सिद्धांतातून नाही, चमत्कारातून नाही. त्यांना एक साधा प्रश्न पडला : जात देवानं केली की माणसानं? त्या स्वतःशीच विचार करत गेल्या आणि माणसानं, या उत्तराशी आल्या. मग यापुढे कुणाच्याही हातचं खायला हरकत नाही, असं ठरवलं. श्रद्धेकडे त्या त्यानंतर वळल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी.

बघा, ज्या प्रश्नानं दार उघडलं तो त्यांचा स्वतःचा होता. स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी, रोजच्या जगण्यात भेटलेला. बाहेरच्या कुणाला तो आधी सुचला असता असं मला वाटत नाही. टिळकांनी काय केलं, यापेक्षा काय केलं नाही ते इथे जास्त बोलतं : त्यांनी तिचं सोवळं मोडलं नाही.

पण थांबा, दुसरं स्पष्टीकरण शक्य आहे का?

हा प्रश्न तुमच्या व्हायव्हात येणारच, म्हणून आधी स्वतःला विचारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शिक्षण नाही, स्वतःचं उत्पन्न नाही, मूल लहान, अशा बाईला नकार खरंच परवडणारा होता का? नवऱ्याच्या घराशिवाय तिला कुठलं घर होतं? पाच वर्षांनी आलेला होकार हा विचाराचा परिणाम की परिस्थितीचा?

मला वाटतं, परिस्थितीचा दाब होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही पुस्तकात आहे. त्या वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही चूल वेगळी ठेवली, म्हणजे नकार त्यांनी प्रत्यक्षात वापरला होता. तो महाग होता, पण अशक्य नव्हता. 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या श्रोत्यांबद्दल आपण एवढंही म्हणू शकत नाही. फरक इथे आहे, आणि तो काळ्यापांढऱ्याचा नाही, कमीजास्तीचा आहे. निष्कर्ष लिहिताना तो तसाच लिहा.

दोन मर्यादा

एक, नमुन्याची निवड. टिळक पतीपत्नींची कहाणी आपल्यापर्यंत आली, कारण त्यांनी होकार दिला आणि दोघंही लिहिणारी होती. आगगाडीत पुस्तक घेऊन ते कधीच न उघडणाऱ्या माणसानं आत्मचरित्रात तो प्रसंग कशाला लिहिला असता? म्हणजे आपल्या हाती आहेत ते बहुतेक होकार. त्यावरून 'असं बोलावलं की लोक येतात' हा निष्कर्ष काढता येत नाही. 'आलेल्यांना ते बोलावणं असं आठवतं', एवढंच म्हणता येतं.

दोन, स्मरण. १८९५ च्या घटना चार दशकांनंतर छापून आल्या. त्यामुळे वाचताना तीन रकाने करा : लेखिकेनं स्वतः पाहिलेलं, इतरांकडून ऐकलेलं, आणि नंतर लावलेला अर्थ. आगगाडीची हकीकत आपल्यापर्यंत येते ती टिळकांच्या सांगण्यातून, म्हणून ती दुसऱ्या रकान्यात. वेगळी चूल पहिल्यात. एका प्रकरणावर हे करून बघा. पुस्तक उलगडायला लागतं.

टिळकांचा शेवटचा प्रयोग

एक गोष्ट राहिली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या लोकांचा हा मेळा, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं सांगणारा हा माणूस. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले, त्यामुळे हा प्रयोग किती टिकला असता ते पुरतं दिसलं नाही.

तरी त्याची रचना आपल्या पट्टीवर तपासा. आत यायला आधी धर्म बदलण्याची अट नाही, म्हणजे होकार आणि नकार यांच्या मध्ये बसायला जागा आहे. ज्याला अजून नुसतं बघायचं आहे, त्याला बघत राहता येतं. आगगाडीतल्या गृहस्थानं दोन वर्षांची मुदत सांगितली होती. टिळकांनी उभ्या केलेल्या जागेत मुदतच नव्हती. स्वतःच्या घरातली ती पाच वर्षं त्यामागे असतील का? सिद्ध करता येणार नाही, पण गृहीतक म्हणून कुणीतरी जरूर घ्यावं. पत्रं, 'ज्ञानोदय'चे अंक, अभंग, असं साहित्य आहे. मराठी विभागातल्या एखाद्यासाठी चांगला विषय होईल.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातलं एक असं लेखन घ्या जे वाचकाला कशाकडे तरी बोलावतं. लसीकरणाचं पत्रक, सेंद्रिय शेतीची पुस्तिका, एखाद्या पंथाचं प्रवचन, तुमच्याच विद्यापीठाची प्रवेशाची जाहिरात, काहीही चालेल. त्याला हे चार प्रश्न लावा : माहिती पूर्ण दिली का, वेळ दिला का, नकार परवडणारा होता का, आणि निर्णयाची झळ आणखी कुणाला बसली? प्रत्येक उत्तरासमोर पान क्रमांक लिहा. ज्या उत्तराला पान क्रमांक देता येत नाही, ते तूर्तास तुमचं मत आहे, निष्कर्ष नाही. आणि एखादा प्रश्न त्या लेखनाला बसतच नसेल तर प्रश्न बदला, लेखन वाकवू नका.

माझ्या मैत्रिणीला मी हा मजकूर आधी वाचायला दिला होता. तिला चौथा प्रश्न सगळ्यात पटला. तिचं म्हणणं, चर्चमध्येही हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. मी म्हटलं, आमच्या एथिक्स कमिटीतही. त्या दिवशी ती पहिल्यांदा श्रद्धेवर बोलली, अर्धा तास. मी ऐकलं, काही विचारलं, काही पटलं नाही तेही सांगितलं. दोघींपैकी कुणाचंही काही बिघडलं नाही.